तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रॅक्शन कंट्रोल आणि अरागॉनची ती तार

मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींतून ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचे चाक घसरू लागताच इंजिनाची ताकद आवरणारी यंत्रणा, काढून टाकावी का, असे मला वारंवार विचारले जाते आणि विचारणाऱ्याला बहुधा ‘हो’ हेच उत्तर हवे असते. ते मला देता येत नाही आणि ठाम ‘नाही’ही म्हणवत नाही. याला कारण आहे २९ सप्टेंबर २०१३ची स्पेनमधील अरागॉनची शर्यत.

त्या शर्यतीत मार्क मार्केझला ब्रेक लावायला किंचित उशीर झाला आणि पुढे असलेल्या डॅनी पेड्रोसाच्या, म्हणजे आपल्याच संघातील सहकाऱ्याच्या, मागच्या चाकापाशी त्याचा ओझरता स्पर्श झाला. धडक म्हणावी असे काही घडले नव्हते; परंतु त्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची तार तुटली आणि चाक घसरत आहे हे ट्रॅक्शन कंट्रोलला कळण्याचा मार्गच बंद झाला. पेड्रोसाला याची कल्पना नव्हती. वळणातून बाहेर पडताना त्याने नेहमीच्या विश्वासाने थ्रॉटल उघडला, होंडाची सारी ताकद लगामाविना टायरवर आली आणि गाडीने त्याला हवेत भिरकावले. तो उठला, पण त्याची शर्यत संपली होती. मार्केझने ती जिंकली आणि मोसमाअखेर अवघ्या ४ गुणांनी विजेतेपदही मिळवले. शिक्षा म्हणून त्याच्या नावे एक पेनल्टी पॉइंट लागला आणि होंडाचे उत्पादकांच्या तक्त्यातील २५ गुण कापले गेले.

तेव्हा मी म्हणत असे की, जिथे सगळे एका तारेवर अवलंबून आहे तिथे मनगटाचे कौशल्य उरलेच कुठे? आज मी माझ्यातल्या त्या जुन्या ‘मी’ला विचारतो की, साहाय्य बंद पडल्यामुळेच जो माणूस फेकला गेला, त्याचा दाखला तू बंदीसाठी कसा देतोस? तो उत्तर देतो की, साहाय्य नाही हे ठाऊक असते तर पेड्रोसाने थ्रॉटल तसा उघडलाच नसता. हे उत्तर मला खोडता येत नाही. मात्र ट्रॅक्शन कंट्रोल येण्यापूर्वीच्या ५०० सीसी टू-स्ट्रोक गाड्यांच्या काळात साहाय्य नाही हे सर्वांना ठाऊक होते, तरीही हायसाइडने, म्हणजे घसरलेल्या मागच्या चाकाने अचानक पकड घेऊन रायडरला हवेत फेकल्याने, हाडे मोडतच होती.

२०१६पासून ट्रॅक्शन कंट्रोलसारख्या यंत्रणा चालवणारे एकच सॉफ्टवेअर सर्वांना सक्तीचे झाले आणि त्या मोसमात ९ वेगवेगळे विजेते झाले, हे तुम्ही मला नेहमी ऐकवता; पण त्याच वर्षी ब्रिजस्टोन जाऊन मिशेलिनचे टायर आले, हे कृपया विसरू नका. एबीएसवरील, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवरील, बंदीला माझा पाठिंबा आहे, कारण ब्रेक कुठे आणि किती लावायचा हा निर्णय रायडरचाच असायला हवा. थ्रॉटलच्या बाबतीत मात्र मी अडतो: वेग मिळवून देणारे साहाय्य काढावे आणि जीव वाचवणारे ठेवावे असे मला मनापासून वाटते, परंतु ती दोन्ही कामे एकच प्रणाली, त्याच सेन्सरच्या आधारे, त्याच क्षणी करत असते.