डीबीतला हवालदार आणि केळीच्या बागेतली केबल

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात विहिरीवरच्या मोटरची केबल चोरीला गेली की शेतकरी दुसऱ्याच दिवशी नवी टाकून मोकळा होतो. केळीचं पाणी थांबवता येत नाही, हे खरंच. पण तक्रारच नसेल तर पोलीस ठाण्याच्या गुन्हे शोध पथकातल्या, म्हणजे डीबीतल्या हवालदाराने शोध सुरू कुठून करायचा?

जाणता हवालदार विहीर बघून झाली की नाल्याचा काठ धुंडाळतो. तांबं मोकळं करायला चोर केबलचं आवरण जाळतात. काळे, वितळून घट्ट झालेले गोळे तिथेच पडलेले असतात. तिथून भंगारवाल्यांकडे चौकशी. आणि इथेच घोडं अडतं: तांबं सापडलं तरी ते तुमचंच, हे कोर्टात दाखवायचं कसं? म्हणून बिल जपा, मोटरच्या पाटीवरच्या नंबराचा फोटो काढून ठेवा आणि पंचनामा होईपर्यंत केबलचं कापलेलं टोक हलवू नका. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण करणं कायद्यानेच सक्तीचं आहे. ते नीट झालं की पंच साक्षीत फिरले तरी खटल्याला आधार राहतो.

असा हवालदार निवृत्त झाला की कागद ठाण्यात राहतात; माणसं जोडलेली असतात ती मात्र त्याच्याशी. रात्री अनोळखी पिकअप दिसली की बिनधास्त फोन करणारा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, ही त्याची खरी कमाई. नव्या हवालदाराला पोलीस पाटलांनी पहिल्याच आठवड्यात शिवार फिरून दाखवावं, या सालदारांशी गाठ घालून द्यावी.