काटकसरीची सुरुवात स्वयंपाकघरातून नको

पुण्यात पुन्हा नोकरकपातीची चर्चा सुरू झाली आहे आणि नात्यातली दोन-तीन तरुण जोडपी घरखर्चाबद्दल विचारू लागली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आमच्या घराने मंदीचा खरा तडाखा सोसला तो २०१९-२० मध्ये. माझे यजमान भोसरीजवळच्या एका वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यात होते. वाहनांची मागणी घटली की अशा कारखान्यांत आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग कंत्राटी कामगार कमी होतात आणि मग महिन्यातले काही दिवस ब्लॉक क्लोजर लागतो, म्हणजे कारखानाच बंद ठेवला जातो. २०१९ मध्ये हे सगळे क्रमाने झालेच होते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे देशातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीचीही देशांतर्गत विक्री शून्यावर आली, तेव्हा आमच्या घरात पगार निम्म्यावर आला होता.

अशा वेळी सगळीकडून मिळणारा सल्ला ठरलेला असतो: बाहेरचे खाणे बंद करा, भाजी स्वस्त घ्या, दूध कमी करा. बाहेरच्या खाण्याबद्दल काही म्हणायचे नाही, ते आपोआपच बंद होते. परंतु हिशेबाची वही समोर ठेवून बेरीज केली तेव्हा आमच्याकडे किराणा, दूध आणि भाजी मिळून होणारा खर्च घरकर्जाच्या हप्त्याच्या निम्म्याइतकाही नव्हता. त्यात कितीही ओढाताण केली तरी महिन्याला हजार-दीड हजार वाचले असते, आणि त्याची किंमत कोणी मोजली असती हे मला ठाऊक होते. डाळ एक वाटी कमी शिजवून आमटीत पाणी वाढवले जाते, मुलांना आणि पुरुषांना वरची दाट आमटी वाढली जाते आणि शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाटीत पातेल्याच्या तळाचे पाणी येते. दूध कमी केले की पहिला कप तिचाच बंद होतो. हे कोणी ठरवून करत नाही, म्हणूनच ते वहीत कुठे दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. अशा राज्यात डाळ, दूध, अंडी आणि पालेभाजी यांना हात न लावणे हा मी घरात पहिला नियम केला आणि सासूबाईंनी त्याला पाठिंबा दिला.

मग पैसे वाचवायचे कुठून? जिथे मोठी रक्कम जाते तिथूनच, म्हणजे कर्जातून. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना हप्ते तीन महिने स्थगित करण्याची परवानगी दिली आणि पुढे ती मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. ओळखीतल्या अनेकांना ही माफी वाटली. ती माफी नव्हती. व्याज चालूच होते आणि ते मुद्दलात मिळत होते. कर्ज ३० लाखांचे, व्याज ८ टक्के, मुदत २० वर्षे आणि हप्ता साधारण २५,१०० रुपये असा हिशेब घ्या. अगदी सुरुवातीलाच सहा हप्ते थांबवले तर थकलेल्या व्याजामुळे मुद्दल ३१ लाख २२ हजारांवर जाते आणि तोच हप्ता चालू ठेवला तर २४० ऐवजी जवळजवळ २६६ हप्ते भरावे लागतात. आज दीड लाख पुढे ढकलायचे आणि नंतर एकूण साडेसहा लाख जास्त भरायचे, असा तो सौदा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर दिलासा दिला, तो फक्त व्याजावरच्या व्याजाचा होता. या उदाहरणात तो दोन हजार रुपयांच्या आसपास येतो. ज्यांच्या घरात पगारच आला नाही त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, आणि त्यांनी स्थगिती घेतली यात काही चूक नाही. पण अर्धा पगार येत असेल तर टाळता येणारे इतर सगळे खर्च थांबवून हप्ता भरावा, असे माझे ठाम मत आहे.

त्याहून उपयोगी ठरला तो बँकेला केलेला एक साधा अर्ज. ऑक्टोबर २०१९ पासून नव्या बदलत्या दराच्या घरकर्जांचे व्याज बाहेरच्या मानकाशी, बहुतेक बँकांत रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते त्या दराशी), जोडले जाऊ लागले. मार्च ते मे २०२० या काळात रेपो दर ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आला, पण जुन्या पद्धतीच्या कर्जांपर्यंत ही घट फार हळू पोहोचत होती. थोडे शुल्क भरून आम्ही कर्ज रेपोशी जोडून घेतले. आता उलट बाजूही सांगायला हवी: मे २०२२ पासून दर वाढत गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांच्या कर्जाची मुदत परस्पर वाढली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी, असे बँकांना बजावले. तेव्हा आपल्या कर्जाचे किती हप्ते उरले आहेत, हे बँकेकडून लेखी मागून घ्या.

सोने गहाण ठेवण्याबाबत सावध राहावे. ऑगस्ट २०२० मध्ये बँकांना सोन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा मिळाली, आणि त्याच महिन्यात सोने तोळ्याला ५५ हजारांच्या वर गेले होते. पुढच्या मार्चपर्यंत ते ४५ हजारांच्या आसपास उतरले. शिखरावरच्या भावाने पूर्ण उचल केलेल्यांच्या गहाण सोन्याची किंमत कर्जाच्याही खाली गेली; त्यांची काय अवस्था झाली असेल, हे सांगायला नको.

आरोग्यविम्याचा हप्ता मात्र चुकवू नये. पॉलिसी बंद पडली तर आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होऊ शकतो, आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या घरात ही फार मोठी हानी आहे.

अडीअडचणीची रक्कम कुठे ठेवावी, हा प्रश्नही आपल्याकडे महत्त्वाचा आहे, कारण अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी पतसंस्थेत पैसे ठेवण्याची सवय घरोघरी आहे. बँकेतल्या ठेवींना, नागरी सहकारी बँका धरून, फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. पतसंस्थांनी गावोगावच्या छोट्या माणसाला हात दिला आहे हे मी मनापासून मानते, परंतु सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम तिथे नको.

सर्वांत अवघड चर्चा झाली ती घरकामाला येणाऱ्या मावशींच्या पगाराची. सोसायटीने त्यांना आत येऊ देणे बंद केले होते, काम होत नव्हते, आणि आमचाही पगार निम्मा होता. काही घरांनी पहिल्याच महिन्यात त्यांचा पगार थांबवला. यजमानांशी बोलून आम्ही वहीत न टळणाऱ्या खर्चाचा एक रकाना केला होता: घरकर्जाचा हप्ता, विमा, वीजबिल, सासूबाईंची औषधे. मावशींचा पगार आम्ही त्याच रकान्यात लिहिला आणि त्यासाठी चारचाकी विकून तिचे उरलेले कर्ज फेडून टाकले.