तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तुझं काही ऐकूच आलं नाही’

मागच्या कोजागरीला आमच्या ग्रुपचा जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम झाला. संपल्यावर शेजारच्या काकू मसाला दुधाचा पेला घेऊन माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, “बाकी सगळं छान झालं गं. तुझं तेवढं काही ऐकूच आलं नाही. कपाटाएवढं वाद्य घेऊन मागं उभी होतीस, ते वाजवत होतीस की नुसतं धरलं होतंस?”

हा प्रश्न मला नवा नाही. विद्यार्थी विचारतात, नातेवाईक विचारतात. रिक्षावाले आधी ‘हे बसणार कुठं?’ विचारतात आणि मग तोच. डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं, गजानं वाजवायचं सगळ्यात मोठं वाद्य. एवढ्या मोठ्या बेसचा आवाज एवढा कमी कसा, आणि त्यातून चांगला आवाज काढायला नेमकं काय करावं लागतं? काकूंना त्या वेळी उत्तर दिलं नाही, दूध गार होत होतं. आता देते.

मी सांगलीत एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. त्यामुळे आवाजाबद्दल आपल्याला थोडंफार कळतं असा माझा समज होता. २०१६ मध्ये वांद्र्याच्या एका वयस्क वादकाकडून जुना प्लायवूडचा बेस विकत घेतला. सिंथेसायझर आल्यावर स्टुडिओतली त्यांची कामं आटली होती आणि त्यांच्याकडे दोन वाद्यं होती. एक मला मिळालं, आणि शिकवायचंही त्यांनी कबूल केलं. वाद्य टेम्पोतून गावभागातल्या आमच्या घरी आलं. पहिल्या संध्याकाळी मी गज ओढला तर खालचे घरमालक वर येऊन विचारून गेले, “फ्रिज सरकवताय का? हात लावू?”

शिकायला मी महिन्यातून एकदा महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जायचे. बेस घरी ठेवून. सोबत फक्त गज, तोही पीव्हीसीच्या पाइपात घालून दोन्ही तोंडांना झाकणं लावलेला. एका टीसींनी विचारलं होतं, मासे धरायची काठी का म्हणून. सरांच्या वाद्यावर शिकायचं आणि आपल्या वाद्यावर रियाज करायचा, यात एक फायदा झाला. आवाजातला कुठला भाग वाद्याचा आणि कुठला माझा, हे लवकर कळलं. सरांच्या सुरेख वाद्यावरही माझा आवाज तसाच फाटका यायचा.

व्हायोलिनच्या तारा षड्ज-पंचम भावात लावतात, बेसच्या षड्ज-मध्यम भावात. कारण अंतरं. बेसची तार घोडीपासून (पोटावरचा लाकडी टेकू, ज्यावरून तारा जातात) मानेच्या टोकावरच्या पट्टीपर्यंत साधारण १०६ सेंटिमीटर भरते. मोकळ्या तारेला सा मानला तर कोमल रिषभ जवळजवळ ६ सेंटिमीटरवर येतो. व्हायोलिनवर हेच अंतर २ सेंटिमीटरही नसतं. खालच्या भागात पंजा पूर्ण ताणला तरी पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत दोनच अर्धे स्वर मावतात. म्हणून तिथं पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात, आणि तिसऱ्यानं करंगळीला टेकू द्यायचा. पहिलं वर्षभर मी अंगठ्यानं मान आवळायचे आणि रात्री डाव्या हाताला बाम चोळायचे. सर म्हणायचे, दाबू नका, हात तारेवर टांगा. हे ऐकायला सोपं आहे. मला दीड वर्ष लागलं.

आमच्या घरामागं महावितरणची डीपी आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो त्याच्या दुपटीनं, १०० हर्ट्झला. माझी सगळ्यात बारीक तार, जी, लागते ९८ ला. रात्री सगळं शांत झाल्यावर ती छेडली की डीपी आणि तार यांच्यात सेकंदाला दोन संथ हेलकावे ऐकू यायचे. ट्युनर बिघडला तेव्हा महिनाभर मी तार अशीच लावत होते: डीपीशी जुळवायची आणि मग दोन हेलकावे येईपर्यंत किंचित उतरवायची. वीजबिलाचा एवढा उपयोग आमच्या घरात दुसऱ्या कुणी केला नसेल.

पण सूर लागणं वेगळं आणि आवाज लागणं वेगळं. माझ्या खोलीत जाड तारेवरचा एफ शार्प लावला की खिडकीची तावदानं थरथरायची, आणि त्याच्या शेजारचे स्वर नुसते पुटपुटायचे. मला वाटलं वाद्यात दोष आहे. मग एके दिवशी, कॉलेजात उभ्या लहरी शिकवून घरी आल्यावर, आपल्याच फळ्यावरचं गणित आपल्याच खोलीला लावून बघायची बुद्धी झाली. खोली १२ फूट लांब. त्या लांबीत जी लहर बरोबर अर्धी बसते तीच खोलीत जास्त घुमते, आणि ती साधारण ४७ हर्ट्झची, म्हणजे एफ शार्पला खेटूनच. दोष खोलीचा होता. वाद्य भिंतीपासून सरकवून दाराशी नेलं आणि तो स्वर बराच शहाणा झाला. ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना अजून सांगितलेली नाही.

नंतर मी महागड्या पोलादी तारा घेतल्या. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण घरात अजून विषय निघतो. फरक पडला, पण पैशांच्या मानानं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागात बोटी फिरत होत्या. आम्ही पहिल्या मजल्यावर, तरी पाणी जिन्याच्या पायऱ्या मोजत वर येत होतं. घर सोडताना बेस माळ्यावर आडवा टाकला, आणि नीट राहावा म्हणून चारही तारा पार सैल केल्या. हीच चूक. बेसच्या पोटात, घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या जरा मागं, पुढच्या आणि मागच्या फळीमध्ये एक लाकडी दांडी उभी असते. साउंडपोस्ट. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानंच जागेवर राहते. फ्रेंच लोक तिला वाद्याचा आत्मा म्हणतात. तारा एकदम सैल केल्या की ती सरकते, कधी आडवीच होते. पाणी ओसरल्यावर चिखल काढला, तारा पुन्हा चढवल्या, आणि आवाज असा आला की जणू वाद्याला सर्दी झाली आहे.

मुंबईला न्यायचं म्हणजे पुन्हा टेम्पो. त्याआधी म्हटलं मिरज तर दहा किलोमीटरवर आहे, विचारून तरी बघू. मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं सतार-तंबोरे होतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले लोक या कामात उतरले, फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात पहिलं घेतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी गेले तेव्हा दुकानात मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले, आणि एक वयस्क कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवत बसलेले.

त्यांनी बेसकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हात वर केले. “हे आमचं वाद्य न्हाई बघा, ताई. घोडीला हात लावणार न्हाई.” मग मोबाइलची बॅटरी लावून कडेच्या चिरेतून आत बघितलं. “आतली काठी कलंडलीय. हे ज्याचं काम त्यालाच द्या.” एवढ्यावर मी निघाले असते, पण ते म्हणाले, “जरा वाजवून दावा की.” मी गज ओढला, त्यातल्या त्यात गोड, घुमणारा आवाज काढून. ते उठले, चप्पल घातली आणि रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीपाशी जाऊन उभे राहिले. तिथून हातानं खूण केली, वाजवा. परत येऊन म्हणाले, “तुमचा आवाज तुमच्यापाशीच ऱ्हातोय. तिथं नुसती धाप येती.”

मग त्यांनी तंबोरा पुढं ओढला. घोडीवर दोरा नसताना तार छेडली, आवाज बोथट. दोरा सरकवत नेला आणि एका जागी तार एकदम उघडली, तिच्यातून वरचे सगळे स्वर सळसळत बाहेर आले. तार तीच, जोर तेवढाच. जवारी लावणारा माणूस कान तारेशी नेतो, हे मी पाहिलं होतं. पण तो मधूनच उठून लांब जाऊन ऐकतो, याकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मला माझाच विषय आठवला. बेसची जाड तार, ई, ४१ हर्ट्झची. तिच्या लहरीची लांबी आठ मीटरच्या वर. सहा फुटी वाद्याचं पोट एवढ्या मोठ्या लहरीला पुरतच नाही, त्यामुळे मूळ स्वर बाहेर फारसा पडत नाही. बाहेर पडतात ते त्याच्यावरचे, दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे. आणि कान त्यांच्यावरून खालचा स्वर आपला आपण उभा करतो. पटत नसेल तर फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावा. काळी एकचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून तो जवळपास निघतच नाही. तरी तुम्हाला खर्ज ऐकू येतो, त्याला लावून गाताही येतं. वर्गात मी हे करून दाखवते तेव्हा मागचा बाकही मान वर करतो.

म्हणजे तीन वर्षं मी उलटं चालले होते. बेस म्हणजे खोल, मऊ, घुमणारा, म्हणून गज घोडीपासून लांब, बोटं ठेवायच्या लांब पट्टीच्या टोकाशी फिरवायचे. तिथं वरचे स्वर मरतात आणि आपल्या कानाशी मखमल वाटते. तीस फुटांवर त्याची धाप होते.

साउंडपोस्ट मुंबईत सरांच्या ओळखीच्या कारागिरानं उभी केली, दहा मिनिटांत. माझं काम त्याहून लांबलं. गज घोडीकडे आणायचा, सावकाश न्यायचा, वजन मनगटातून न देता पाठीतून येऊ द्यायचं. मी गज जर्मन पद्धतीनं धरते, सारंगीवाले धरतात तसा खालून. त्यात वजन टांगणं मला सोपं गेलं. तरी आवाज आपल्या कानाला खरखरीत लागतो. तार किसल्यासारखी. पहिले सहा महिने मी रोज हार मानून पुन्हा मखमलीकडे जायचे. शेवटी फोन रेकॉर्डिंगला लावून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीवर ठेवायला लागले. तिथून ऐकलं तर खरखर नाही, स्वराला नुसती कड आलेली. आता वाजवताना कानाला जे आवडतं त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. जाड तारेला बोलायला वेळ लागतो, म्हणून तिच्यावर समेच्या केसभर आधी निघावं लागतं, ही अक्कल तबलजींच्या नजरेनं दिली.

राळेचं एक राहिलं. बेसची राळ चिकट आणि मऊ असते. सांगलीच्या एप्रिलमध्ये ती डबीतून वाहते आणि गजाच्या पिशवीत वाळते. माझी राळ मार्च ते जून फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्यामागं असते. एकदा सासूबाईंनी गूळ समजून चाखली. त्यावरही विषय निघतो.

तर काकू, कोजागरीला मी वाजवत होते. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात, हार्मोनियमच्या पुढ्यात आणि स्पीकरच्या कडेला. माझा आवाज तुमच्या डोक्यावरून मागं गेला असेल, निदान मी तशी समजूत करून घेतली आहे. पुढच्या कार्यक्रमाला तुम्हाला शेवटच्या रांगेत जागा धरून ठेवते. काकूंना हे कालच सांगितलं. त्या म्हणाल्या, बसेन, पण पंख्याखाली नको.