पोर्ट वेगळा येत नाही, मॅडम

मोड्युलर लॅपटॉप, म्हणजे ज्याचे भाग सुटे काढून बदलता येतात असा, घ्यावा का, त्याला जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का, हे मला आतापर्यंत चार जणांनी विचारलंय. प्रत्येकाला उत्तर देताना मी जुन्या लॅपटॉपच्या चार्जिंग पोर्टपासून सुरुवात करते, आणि पाचव्या मिनिटाला समोरचा फोन बघायला लागतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

जुना लॅपटॉप दिसायला देखणा होता. पातळ, हलका, कुठेही जोड दिसणार नाही असा. चार्जिंगसाठी यूएसबी-सीचा एकच पोर्ट. वाढीव वॉरंटी घेतली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. मग तो पोर्ट सैल झाला. पिन जरा वर उचलून धरली की चार्ज व्हायचं, सोडली की बंद. काही दिवस मी पिनेखाली रुमालाची घडी ठेवून काम केलं. घडी दोन पदरी की तीन पदरी यावर त्या दिवशीचं काम अवलंबून असायचं.

कंपनीच्या साइटवर तक्रार नोंदवली. फॉर्ममध्ये बिघाडाच्या यादीत 'पोर्ट सैल आहे' असा पर्यायच नव्हता, म्हणून 'चार्ज होत नाही' निवडलं. चॅटवरच्या मदतनिसाने सांगितलं, आधी बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. मी अपडेट चालू केलं. लॅपटॉप म्हणाला, चार्जर जोडल्याशिवाय अपडेट होणार नाही. मी फोनने त्या सूचनेचा फोटो काढून पाठवला. उत्तरात पुन्हा बायोस अपडेटचीच लिंक आली. तिसऱ्या वेळी मी लिहिलं, "चार्जर जोडता येत नाही हीच तर तक्रार आहे." त्यावर 'तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो' असं उत्तर आलं आणि चॅट बंद झालं. लगेच चॅटला तारे द्या म्हणून मेल.

शेवटी सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता, त्याच्यावर माझा अजिबात राग नाही. त्याने पिन हलवून बघितली आणि दहा सेकंदांत सांगितलं, "पोर्ट गेलाय."

"मग पोर्ट बदला."

"पोर्ट वेगळा येत नाही, मॅडम. मुख्य बोर्डाबरोबरच येतो."

"आणि माझा डेटा?"

"स्टोरेजही बोर्डावरच सोल्डर केलेलं, म्हणजे डाग देऊन कायमचं जोडलेलं आहे. बोर्ड बदलला की सगळं नवीन."

माझ्यासमोर एक फॉर्म आला, त्यावर तीन सह्या. दुसरी सही 'डेटा गेल्यास कंपनी जबाबदार नाही' या ओळीखाली. मी लॅपटॉप उचलला, घरी आणला, रुमालाची घडी लावली आणि रात्रभर जागून बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलं. दर थोड्या वेळाने पिन सरकायची. सकाळी पुन्हा सेंटर, पुन्हा टोकन, तोच फॉर्म नव्याने, कारण कालचा रद्द झाला होता.

मग स्टेटस बघण्याचे दिवस सुरू झाले. 'तपासणी सुरू' चार दिवस. त्यानंतर 'पार्टची प्रतीक्षा'. आठवडा झाला, पार्टची प्रतीक्षा. दोन आठवडे झाले, पार्टची प्रतीक्षा. फोन केला की आधी सीरियल नंबर, मग तक्रार क्रमांक, मग गाणं, मग एक बाई अत्यंत गोड आवाजात मला वाचून दाखवायच्या: "पार्टची प्रतीक्षा आहे." ते मलाही दिसत होतं. पार्ट कुठून येतोय, केव्हा निघाला, निघाला तरी आहे का, हे त्यांच्या स्क्रीनवरच नव्हतं. त्यांना विचारून उपयोग नाही हे कळूनही मी रोज विचारत होते. कामासाठी मी तेव्हा दुसऱ्याचा लॅपटॉप उसना घेतला होता, आणि उसन्या लॅपटॉपवर आपण किती अवघडून बसतो हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल.

तेविसाव्या दिवशी स्टेटस बदललं: 'ग्राहकाच्या मंजुरीची प्रतीक्षा'. पोर्टच्या आतली जीभ वाकलेली आहे, म्हणजे हे 'फिजिकल डॅमेज', म्हणजे वॉरंटीत बसत नाही, म्हणजे बोर्डाचे पैसे मी द्यायचे. आकडा बघितला तर जवळजवळ नव्या लॅपटॉपचा. नाकापेक्षा मोती जड! आणि ती जीभ वाकली कशाने? पिन लावून-काढून. रोज दोनदा पिन लावणं आणि काढणं याला नुकसान म्हणायचं, तर वापर कशाला म्हणायचं? हा प्रश्न मी लेखी विचारला होता. उत्तर आलेलं नाही.

मी नको म्हटलं. तपासणीचे पैसे भरून लॅपटॉप परत घेतला. सोबतच्या कागदावर छापलं होतं: 'ग्राहकाने दुरुस्ती नाकारली.' तेवीस दिवसांनंतर नाकारणारी मी!

पुढचा भाग लहान आहे, कारण तिथे काही अडलंच नाही. मायक्रोसोल्डरिंग करणाऱ्या एका माणसाकडे लॅपटॉप नेला. त्याने बोर्ड बाहेर काढला, गरम हवेने जुना पोर्ट उतरवला आणि नवा बसवला. पाऊण तास लागला. डेटा जागच्या जागी. पोर्ट वेगळा येतो तर.

(हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: तुमचा यूएसबी-सी पोर्ट सैल वाटत असेल, तर आधी लॅपटॉप पूर्ण बंद करून टॉर्चच्या उजेडात आत बघा. बऱ्याचदा बॅगेतला कापसासारखा मळ तळाशी दाबून बसलेला असतो, त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही. लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने निघतो. सुई किंवा टाचणी घालू नका. माझ्या पोर्टात मळ नव्हता, पण ते मला दुरुस्तीवाल्याने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.)

लॅपटॉप दुरुस्त झाला, राग मात्र गेला नाही. त्या रागातच मी मोड्युलर लॅपटॉपची माहिती काढायला बसले. रागात खरेदी करू नये म्हणतात. मी केली.

घेतला तो फ्रेमवर्क या कंपनीचा 'लॅपटॉप १३'. ही कंपनी २०२० मध्ये सुरू झाली आणि पहिला लॅपटॉप २०२१ मध्ये आला. आयफिक्सइट या दुरुस्तीची माहिती देणाऱ्या साइटने उघडून तपासल्यावर त्याला दुरुस्तीसाठी १० पैकी १० गुण दिले होते. माझा बाराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा. बिनजोडणीचा घेतला, म्हणजे रॅम आणि एसएसडी (साठवणीची डिस्क) आपण बाहेरून घेऊन बसवायची. बॉक्समध्येच स्क्रूड्रायव्हर येतो. खालचे पाच स्क्रू सैल होतात पण बाहेर पडत नाहीत, त्यामुळे ते शोधत जमिनीवर रांगावं लागत नाही. आत प्रत्येक भागावर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की त्या भागाचं पान उघडतं. पहिल्यांदा उघडताना कीबोर्डचं झाकण मी उत्साहात वर खेचणार होते. खाली टचपॅडची केबल बोर्डाला जोडलेली असते. झाकण उचला, थांबा, केबल काढा, मग पुढे.

पण मला विकत घ्यायला लावलं ते पोर्टांनी. कडेला चार खाचा असतात आणि त्यांत छोटी कार्डं सरकवायची: यूएसबी-सी, यूएसबी-ए, एचडीएमआय, हवं ते. रोजची पिन लागते कार्डाला, बोर्डाला नाही. झिजलं तर कार्ड झिजेल. पाच सेकंदांत काढा, दुसरं लावा. ज्या गोष्टीसाठी माझे तेवीस दिवस गेले, ती इथे पेनाचं टोपण बदलण्याइतकी सोपी करून ठेवलेली. पहिल्या आठवड्यात मी विनाकारण कार्डं काढायचे आणि लावायचे. एखादं कार्ड झिजावं अशी जवळजवळ इच्छा होती. अजून एकही झिजलेलं नाही.

आता पैशांकडे येते.

मला कळलंय ते असं, की लोक 'दुरुस्त होणारा' आणि 'अपग्रेड होणारा' हे एका दमात बोलतात, पण खिशासाठी या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत. दुरुस्तीचा हिशेब सरळ आहे. बॅटरी, कीबोर्ड, स्क्रीन, बिजागरी, पोर्ट हे भाग झिजणार किंवा फुटणारच, आणि प्रत्येकाची किंमत लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा हिस्सा. इथे जास्तीचे पैसे वसूल होतात, शिवाय मशीन कुणाच्या ताब्यात द्यावं लागत नाही.

अपग्रेडचं गणित मात्र जाहिरातीत वाटतं तेवढं गोड नाही. प्रोसेसर बोर्डाला सोल्डर केलेला असतो, म्हणजे प्रोसेसर बदलायचा तर पूर्ण बोर्ड घ्यायचा, आणि सगळ्यांत महाग भाग तोच. मी पुढे २०२३ च्या एएमडी रायझन ७०४० मालिकेचा बोर्ड घातला. बोर्ड जुन्याच सांगाड्यात बसला, स्क्रीन, बॅटरी, कीबोर्ड, एसएसडी सगळं तेच. पण माझी रॅम डीडीआर४ पिढीची होती आणि नव्या बोर्डाला लागते त्यापुढची डीडीआर५. दोन्हींच्या पट्ट्या दिसायला सारख्या, खाच वेगळ्या जागी. जुनी रॅम बाद, नवी घ्यावी लागली. बोर्ड आणि रॅम मिळून जो खर्च आला, त्यात सवलतीच्या दिवसांत एखादा बरा, साधा, बंद डब्याचा लॅपटॉप आला असता. हे लपवण्यात अर्थ नाही. फक्त पैसे वाचवायला अपग्रेड करणार असाल, तर आधी बेरीज करा.

जुना बोर्ड वाया गेला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. कूलर मास्टरची त्याच्यासाठीच बनवलेली पेटी मिळते. तीत तो बसवला, आणि आता तो मॉनिटरला जोडलेला छोटा डेस्कटॉप म्हणून बॅकअप सांभाळतो. बॅकअपबाबत मी आता जरा हळवी आहे.

अपग्रेडमध्ये निर्विवाद फायदा दोनच ठिकाणी दिसला: रॅम आणि स्टोरेज. सोल्डर केलेल्या लॅपटॉपमध्ये हे दोन्ही खरेदीच्या दिवशीच ठरवावं लागतं आणि वाढीव क्षमतेला उत्पादक बहुधा बाजारापेक्षा कितीतरी जास्त दर लावतात. इथे मी १६ जीबीने सुरुवात केली आणि गरज पडली तेव्हा वाढवली.

सोल्डर करणारे सगळे लबाड असतात असंही नाही. एलपीडीडीआर जातीची रॅम कमी विजेवर पळते, आणि त्यासाठी ती प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते, मधला सॉकेट तिला अडचणीचा ठरतो. खुद्द फ्रेमवर्कने २०२५ मध्ये आणलेल्या डेस्कटॉपमध्ये याच कारणासाठी सोल्डर केलेली रॅम आहे. यावर एलपीकॅम२ नावाचा स्क्रूने बसवायचा तोडगा निघालाय आणि २०२४ मध्ये लेनोव्होच्या थिंकपॅड पी१ मध्ये तो आलाही. पण चार्जिंग पोर्टला असली कुठलीही सबब नाही. तो छोट्या वेगळ्या पट्टीवर लावणारे लॅपटॉप कितीतरी आहेत.

यावरून आठवलं. मोड्युलर परवडत नसेल, किंवा फ्रेमवर्क तुमच्या देशात विकत नसेल (ते सगळीकडे विकत नाहीत, आणि नुसता लॅपटॉप मागवून भाग मिळत नसतील तर काही उपयोग नाही), तर ऑफिससाठी बनवलेल्या लॅपटॉपांकडे बघा. लेनोव्हो, डेल, एचपी या कंपन्या अशा मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअल साइटवर ठेवतात. घेण्याआधी तुमच्या मॉडेलची उतरवून घ्या आणि 'बॅटरी काढणे' हे पान उघडा. खालचं झाकण, कनेक्टर, चार-पाच स्क्रू एवढ्यात बॅटरी हातात येत असेल तर चांगलं. त्याआधी बोर्ड, पंखा, स्पीकर सगळं उतरवायला सांगितलं असेल, तर तो लॅपटॉप तुम्हाला एक दिवस काउंटरवर उभं करणार. मग चार्जिंग पोर्टचं पान शोधा. ते पानच नसेल, तर समजा.

ज्यांना लॅपटॉप उघडायचाच नाही, तीन-चार वर्षांनी सरळ नवा घ्यायचाय, त्यांनी मोड्युलरचे जास्तीचे पैसे देऊ नयेत. त्याच पैशांत त्यांना जास्त टिकणारी बॅटरी, चांगले स्पीकर असं काही मिळेल. माझ्या बहिणीला मी हेच सांगितलं आणि तिने आनंदाने बंद डबाच घेतला. तिच्या चार्जरची पिन मी जाता-येता बघत असते, ते वेगळं.

राहिली एक गोष्ट, आणि ती बोर्ड बदलण्याआधी वाचा. विंडोजमध्ये ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर त्याची किल्ली जुन्या बोर्डाशी बांधलेली असते. नवा बोर्ड घालून मी मशीन सुरू केलं आणि निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली गेली. ती माझ्या ऑनलाइन खात्यात होती. खात्याचा पासवर्ड त्याच कुलूपबंद ड्राइव्हमधल्या फाइलमध्ये. शेवटी फोनवरून खातं उघडण्यात अर्धी संध्याकाळ गेली, आणि या वेळी शिव्या द्यायला समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. बोर्ड काढण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवता येतं, हे नंतर कळलं. ती रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.