दगडाची मागची बाजू

समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायच्या नव्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पहिले काही आठवडे बघण्यासारखं काहीच नसतं. पाणी फिरतं, पंप गुणगुणतो, दगड दगडासारखे बसून असतात. अमोनिया उतरायचा आहे, नायट्राइट चढून उतरायचं आहे, ही विषं निवळेपर्यंत मासे लांबच आहेत. तरीही दुपारी काचेला नाक लावून बसावंसं वाटतं. अशाच एखाद्या दुपारी कपारीत टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका दिसतो, त्याला कडेनं बारीक झालर. काल तो नव्हता. किंवा होता, आपलंच लक्ष नव्हतं.

लाइव्ह रॉक, म्हणजे आतल्या जीवांसकट आणलेला समुद्री दगड, हा एक दगड नव्हेच, ती भरलेली धर्मशाळा असते. आत कोण उतरलंय, हे दगड आणणाऱ्यालाही ठाऊक नसतं. टाकीला उजेड मिळाला, पाणी 25-26 अंशांवर आणि खारेपणा 35 पीपीटीवर (हजार भागांत 35 भाग क्षार) स्थिरावला, की एकेक बिऱ्हाड दार उघडतं. ठिपका दिसला रे दिसला की माणसांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘प्रवाळ! फुकटात प्रवाळ!’ दुसरा म्हणतो, ‘अ‍ॅप्टेशिया! आजच मारा!’ हे दुसरं नाव टाकीभर पसरणाऱ्या उपद्रवी समुद्रफुलाचं. दोघांनीही नीट पाहिलेलं नसतं. ओळख पटण्याआधीच औषध विचारणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे.

ओळख पटवणं खरं तर अवघड नाही. प्लास्टिकची बारीक कांडी घ्यावी आणि हलकेच टेकवावी. अ‍ॅप्टेशिया असेल तर क्षणात झटक्यानं दगडाच्या भोकात गडप होईल, मागे काहीच उरणार नाही. पाच मिनिटांनी पुन्हा डोकावेल: लांब पारदर्शक देठ आणि त्यावर टोकदार, विस्कटलेल्या केसांसारखे तंतू. मजानो, म्हणजे तसंच दुसरं उपद्रवी समुद्रफूल, असेल तर तंतू आखूड आणि टोकं फुगीर. पण मांस आत ओढलं गेल्यावर खाली टणक, कडा असलेली वाटी उरली, वाटीत मध्याकडे जाणाऱ्या उभ्या पट्ट्या दिसल्या, तर अभिनंदन. तो सांगाडा आहे, पाहुणा कठीण प्रवाळ आहे. अशी मंडळी दिवसा मिटून बसतात आणि रात्री तंतू पसरतात, त्यामुळे पक्का निकाल दिवे गेल्यावर तासाभरानं लाल बॅटरीच्या उजेडात लागतो. एका चटईतून उगवल्यासारख्या चकत्या आणि कडेला आखूड झालर दिसली तर झोअँथिड किंवा त्यांच्यातलाच पॅलिथोआ, म्हणजे सांगाडा नसलेले, वसाहतीनं राहणारे प्रवाळांचे भाऊबंद. त्यांच्याबद्दल पुढे बोलू, कारण ते वेगळंच प्रकरण आहे.

अ‍ॅप्टेशियाला चिमट्यानं उपटायचा मोह आवरावा. तळव्याचा सूक्ष्म तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवं फूल उभं राहतं. एक उपटून चार उगवतात, ते असे. दोन-चारच असतील तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड थोड्या आरओ पाण्यात टूथपेस्टइतकी दाट कालवावी, सगळे पंप बंद करावेत, बोथट सुई लावलेल्या सिरिंजनं तो लगदा फूल मिटायच्या आत त्याच्या तोंडावर सोडावा आणि पंधरा मिनिटं पाणी हलू देऊ नये. हातमोजे आणि गॉगल हवेतच, ही पूड डोळ्याला माफ करत नाही. छोट्या टाकीत एका दिवशी तीन-चारांवर थांबावं, नाहीतर पीएच चढतो आणि एका फुलापायी सगळी टाकी दमते. संख्या हाताबाहेर गेली असेल तर बर्गिया. ही इवलीशी समुद्री गोगलगाय अ‍ॅप्टेशियाशिवाय काही खातच नाही, म्हणून काम संपलं की तीही उपाशी मरते. एवढी एकनिष्ठा परवडत नाही हे खरं. पेपरमिंट कोळंबीही हे काम करते, मात्र तिच्याऐवजी तिच्यासारखीच दिसणारी कुबडी कॅमल कोळंबी हाती आली तर ती प्रवाळांचेच लचके तोडते. आगीतून फुफाट्यात.

आता पॅलिथोआ. नको असलेला दगड उकळून काढायचा, असा एक सल्ला अजून फिरत असतो. तो वाचला की अंगावर काटा येतो. माउई बेटावर हानाजवळ एक खडकातलं डबकं होतं. तिथल्या ‘शेवाळा’त भाल्याची टोकं बुडवली की जखमी माणूस वाचत नाही, अशी हवाईतली जुनी समजूत. ते शेवाळ नव्हतं, पॅलिथोआ होतं, आणि 1971 मध्ये त्यातलं पॅलिटॉक्सिन शास्त्रज्ञांनी वेगळं करून दाखवलं. ज्ञात नैसर्गिक विषांमधलं हे अतिजहाल विष उकळल्यानं निकामी होत नाही. उलट वाफेबरोबर बारीक थेंब उडतात आणि श्वासातून आत जातात. दगड उकळणारा आणि शेजारच्या खोलीत बसलेलं घर, सगळ्यांनाच दवाखाना गाठावा लागल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. सगळ्याच झोअँथिडांत हे विष सारखं नसतं, पण नुसतं बघून ते ओळखता येत नाही. म्हणून उकळणं नाही, गरम पाणी नाही, टाकीबाहेर ब्रशनं घासणं नाही. हाताला चीर असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालायचाच नाही. तोडायचंच असेल तर ओलं ठेवून, मोजे-गॉगल घालून.

बाकीच्या मंडळींना एवढा भाव द्यायची गरज नाही. ब्रिसलवर्म, म्हणजे केसाळ समुद्री किडा, बघून किंचाळणारे पुष्कळ, पण बहुतेक वेळा तो झाडूवाला असतो, उरलंसुरलं खाऊन वाळू साफ ठेवतो. बोटात त्याची कुसळं घुसलीच तर चिकटपट्टी लावून ओढायची. अ‍ॅस्टेरिना नावाचे तोकड्या-लांब हातांचे पिटुकले तारामासे बहुतांशी काचेवरचा थर चाटत बसतात. व्हर्मेटिड गोगलगायी मात्र चिकट जाळी सोडून शेजारच्या प्रवाळांना छळतात. त्यांची नळी तोडून भोकावर सुपरग्लू जेलचा थेंब ठेवला की विषय संपतो. शेवाळाचे हिरवे काचगोळे दिसले तर टाकीत फोडू नयेत. आणि रात्री ‘टक्’ असा आवाज आला तर काच तडकल्याचं समजून धावू नये. आवाज करणारी पिस्तूल कोळंबी असेल तर असू द्यावी. मँटिस कोळंबी असेल तर गोगलगायींचे फुटलेले शंख सापडतील. मग तो दगड बाहेर काढून बादलीवर धरायचा आणि भोकात सोडा वॉटर सोडायचं. स्वारी स्वतःहून खाली उतरते.

हे सगळं नको म्हणून कोरडा दगड घेणारेही असतात. त्यांची टाकी महिनाभर निर्मनुष्य राहते आणि मग पहिल्या प्रवाळाच्या फ्रॅगबरोबर, म्हणजे तोडून विकलेल्या तुकड्याबरोबर, तो चिकटवलेल्या छोट्या बैठकीच्या, म्हणजे प्लगच्या, बुडाशी बसून, तीच जनता आत शिरते. डिप केलं, म्हणजे फ्रॅग औषधी पाण्यात बुचकळला, तरी अंडी मरत नाहीत. फ्रॅग प्लगवरून सोडवून नव्या प्लगला चिकटवावा, जुना फेकावा, आणि आठवड्याच्या अंतरानं डिप पुन्हा दोन-तीनदा करावं. एवढा धीर किती जणांना असतो, ते सोडा.

आपला ठिपका प्रवाळ ठरला असेल तर त्याला फारसं काही लागत नाही. अमोनिया दिसला की पाणी बदलायचं, मासे येईपर्यंत उगाच ताणायचं नाही. दिवे मंद, दिवसाचे थोडेच तास, मग आठवड्यागणिक वाढवत न्यायचे, कारण बराच काळ अंधारात काढलेल्याला एकदम पूर्ण उजेड दिला तर तो पांढरा पडतो. अल्कलिनिटी (पीएच सावरून धरायची पाण्याची ताकद, डीकेएच हे तिचं माप) 8 ते 9 डीकेएच, कॅल्शियम 420 पीपीएमच्या आसपास, मॅग्नेशियम 1300. आकडा किती यापेक्षा तो आकडा वरखाली होत नाही ना, हे बघायचं. एवढ्याशा जीवाला वेगळा डोस नको, नेमानं बदललेलं पाणी पुरतं.

एकच अडचण. विकत आणलेलं प्रवाळ आपण ठेवू तिथे बसतं, हे मात्र हटकून दगडाच्या मागच्या बाजूला असतं, जिथे समोरून मान कितीही वाकडी केली तरी अर्धंच दिसतं. दगड फिरवावासा वाटतो. फिरवू नये. रचना ढासळते, त्याचा उजेड आणि प्रवाह बदलतो, आणि इतके दिवस मुकाट जगलेलं ते चार दिवसांत आक्रसतं. मागची काच घासून स्वच्छ ठेवावी, टाकी भिंतीपासून थोडी पुढे असेल तर बरंच. नसेल, तर मोबाइल मागे सरकवून फोटो काढावा. धूसर येतो, पण येतो.