होडीतून येणारी मुलं

धरण शंभर टक्के भरलं की आमची वस्ती बेट व्हायची. तिन्ही बाजूंनी उजनीचं फुगवट्याचं पाणी होतंच. पावसाळा सरताना चौथ्या बाजूचा ओढाही तुंबायचा आणि करमाळ्याकडचा रस्ता तुटायचा. मग दुधाचे कॅन, किराणा, आजारी माणूस आणि शाळेची पोरं, सगळं एकाच लाकडी होडीतून.

१९८० साली धरण पूर्ण झालं. आमचं काळं रान पाण्याखाली गेलं, वरचं मुरमाड तेवढं उरलं. आजोबांनी त्यावरच संसार पुन्हा मांडला. ओढा उतरल्याशिवाय उसाची गाडी आत येत नसे, म्हणून तोडही उशिरा.

आमची खरी परीक्षा उन्हाळ्यात. पाणी रोज मागे सरकायचं आणि त्याच्यामागे मोटार न्यावी लागायची. पाइप जोडा, केबल वाढवा. पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, गाळात रुतला की मोटार हवा धरायची. आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून जाळीचं शेवाळ खरवडायचे, मी काठावर बादलीनं पंपात पाणी ओतायचो. "धरलं का रं पाणी?" त्यांची हाक यायची. डिलिव्हरी पाइप थरथरला की समजायचं, धरलं. तसाच चिखलाच्या पायांनी मी शाळा गाठायचो.

विज्ञानाच्या सरांनी त्या पायांवरून मला कधी बोल लावला नाही. उलट हवेचा दाब शिकवताना मलाच पुढे बोलावून फूटव्हॉल्व्ह कसा चालतो ते वर्गाला सांगायला लावलं. घरचं काम हेही शिक्षण आहे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

भूगोलाच्या सरांनी फळ्यावर लिहिलं होतं : उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळपास ६३ मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांतून न निघणारं तळाचं पाणी. आजही 'उजनी मायनसमध्ये', म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या खाली उतरलं, अशी बातमी आली की सोलापूर शहराच्या पोटात गोळा येतो, कारण पिण्याचं पाणी इथूनच जातं. आमच्या वस्तीवर त्याच दिवसांत गाळपेर सुरू व्हायची. उघड्या पडलेल्या गाळात मका, कडवळ बिनखताचं उभं राहायचं. आजोबा तिथं आमच्या जुन्या विहिरीचं काठोळं शोधून काढायचे आणि बांध कुठून कुठवर होता ते आम्हाला चालत दाखवायचे.

सहामाही परीक्षेच्या आठवड्यात मुख्याध्यापक वस्तीवरच्या मुलांना शाळेतच मुक्कामी ठेवायचे. वारं सुटलं तर होडी टाकायची नाही, हा त्यांचा दंडक होता. गावातल्या आया भाकरी आणि चिलापी माशाचं कालवण पाठवायच्या. आमच्यातला एकही जण पाण्यामुळे परीक्षेला मुकला नाही, याचं सगळं श्रेय त्या माणसाला. शाळेनं आम्हाला नुसतं शिकवलं नाही, आमचं पाणीही समजून घेतलं.

मे २०२४ मध्ये उजनीच्याच पाण्यावर कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. त्या रात्री मला मुख्याध्यापकांचा दंडक आठवत राहिला. कुगाव-शिरसोडी पूल मंजूर झाला आहे, त्याचा आनंद मोठा आहे. पण सगळ्या वस्त्यांना पूल मिळणार नाहीत. तेव्हा शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त माझी विनंती आहे : पाण्यावरून शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला माजी विद्यार्थ्यांकडून लाइफ जॅकेट मिळावं. यंदाचा खर्च मी उचलतो. पुढच्या वर्षीचा कोणी घ्यायचा, ते माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातच ठरवू.