गार झालेल्या चहाचा हिशेब

लिहायला बसलो की शेजारी ठेवलेला चहा विसरायचा, ही माझी जुनी खोड आहे. दोन तासांनी हात कपाकडे जातो, तेव्हा त्यावर झाकलेली बशी, कप आणि आतला चहा हे तिघेही खोलीइतकेच गार झालेले असतात. घरात याला वेंधळेपणा म्हणतात. पदार्थविज्ञानात याला समतोल म्हणतात, आणि त्या समतोलापर्यंत पोहोचताना एन्ट्रॉपी, म्हणजे ऊर्जा किती विखुरली याचे माप, किती वाढली याचा चोख हिशेब मांडता येतो.

कपात १५० ग्रॅम चहा आहे असे धरू. दूध-साखरेचा भेद सोडून त्याला पाणीच मानले, तर एक अंश खाली उतरताना तो सुमारे ६२७ ज्यूल उष्णता सोडतो. ८० अंश सेल्सिअसवरून २७ अंशांवर, म्हणजे केल्व्हिनच्या मापात ३५३ वरून ३०० वर येईपर्यंत, एकूण सुमारे ३३,२०० ज्यूल बाहेर पडतात. ते सगळे खोलीत जातात आणि खोलीला त्याचा पत्ताही लागत नाही. दहा बाय दहाच्या, तितक्याच उंचीच्या खोलीतली नुसती हवा धरली, तर एवढ्या उष्णतेने ती जवळजवळ एका अंशाने तापेल. पण हवेमागे भिंती आहेत, फरशी आहे, उघड्या खिडकीबाहेरचे सगळे आवार आहे. कितीही घेतले-दिले तरी ज्याचे तापमान हलत नाही, त्याला पुस्तकात उष्णतेचा साठा म्हणतात.

महाविद्यालयात असताना याच जातीच्या गणितात मी शून्य हे उत्तर काढले होते. उष्णता भागिले तापमान म्हणजे एन्ट्रॉपीतला बदल, एवढेच सूत्र डोक्यात होते. शेवटी दोघांचेही तापमान ३०० आहे, तेव्हा चहाने जितकी गमावली तितकीच खोलीने कमावली, असा माझा सरळ व्यवहार होता. उत्तर दिसायला इतके नेटके होते की ते चूक असेल अशी शंकाही आली नाही.

चूक एवढीच होती की चहा सबंध वेळ ३०० केल्व्हिनवर नसतो. पहिला ज्यूल तो ३५३ वर असताना सोडतो आणि शेवटचा ३०० वर, म्हणून प्रत्येक ज्यूलला त्या त्या क्षणीच्या तापमानाने भागावे लागते आणि मग त्या असंख्य बारीक भागाकारांची बेरीज करावी लागते. ही बेरीज संकलनाने (इंटिग्रेशनने) केली की नैसर्गिक लॉग हाती येतो: ६२७ गुणिले (३०० भागिले ३५३) चा लॉग, म्हणजे उणे १०२ ज्यूल प्रति केल्व्हिन. खोलीच्या बाजूला मात्र साधा भागाकार पुरतो, कारण तिचे तापमान बदललेलेच नसते: ३३,२०० भागिले ३००, म्हणजे अधिक ११०.८. तेव्हा चहाने गमावले त्यापेक्षा खोलीने ८.८ जास्त कमावले. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउझियसने १८६५ साली या राशीला एन्ट्रॉपी हे नाव दिले, आणि विश्वात ती वाढतच जाते असे त्याच लेखात सांगितले. त्या वाढीतला माझा वाटा कपामागे ८.८.

आकडा किरकोळ वाटतो खरा. परंतु त्याला खोलीच्या तापमानाने गुणले, तर सुमारे २,६०० ज्यूल येतात, आणि कप व खोली यांच्यामध्ये उष्णतेतून काम काढणारे एखादे आदर्श यंत्र बसवले असते तर जितके काम मिळाले असते, तितकेच हे आहे. पन्नास किलोच्या माणसाला पाच मीटरांहून अधिक उंच, म्हणजे तळमजल्यावरून पहिल्या मजल्याच्याही वर उचलायला ते पुरले असते. आमच्या जुन्या इमारतीची लिफ्ट बंद असते तेव्हा जिना चढताना मला हा आकडा हटकून आठवतो.

माझे वडील चहा बशीत ओतून पीत. वाफेतून जाणारा भाग सोडला, तर बशीत काही मिनिटांत गार झालेला चहा आणि कपात दोन तासांनी गार झालेला चहा यांच्या हिशेबात काडीचाही फरक पडत नाही, कारण त्यात घाईला जागा नाही. सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान तेवढे लागते. फरक पडतो तो पायऱ्यांनी. तोच कप आधी ३२६.५ केल्व्हिनच्या एखाद्या मोठ्या हौदात ठेवून निववला आणि मग खोलीत आणला, तर एकूण वाढ ८.८ वरून ४.३ वर येते. पायऱ्या जितक्या वाढवाव्यात तितकी ती घटते, आणि असंख्य पायऱ्या असल्या तर शून्याला टेकते; माझे ते परीक्षेतले शून्य त्या अशक्य जिन्यावर बरोबर ठरले असते.

उलट दिशेनेही मी हे गणित करून पाहिले आहे. फ्रीजमधून काढलेले १५० ग्रॅम पाणी ५ अंशांवरून २७ वर आले, तर पाणी ४७.८ कमावते, खोली ४६ गमावते, आणि १.८ शिल्लक उरतातच. विसरलेला पेला गरम असो वा गार, जमेची बाजूच जड राहते. एवढे लिहून होईपर्यंत बशीखालचा आजचा चहा बहुधा ३१० च्या आसपास आला असावा.